अखंड डायलिसिस : यंत्राच्या किमतीपलीकडे

अतिदक्षता विभागात रक्तदाब खालावलेल्या रुग्णास चार तासांचे नेहमीचे डायलिसिस अनेकदा सोसत नाही. म्हणून दिवसरात्र संथ चालणारे डायलिसिस लावतात. १९७७ साली जर्मनीत डॉ. पीटर क्रामर यांनी ही वाट दाखविली. परंतु संथ म्हणजे निर्धोक नव्हे. फिल्टरमध्ये रक्त गोठते. हेपारिन द्यावे, तर रक्तस्रावाचे भय. सायट्रेट वापरावे, तर कॅल्शियम घटू शकते. शरीर थंड पडून ताप झाकला जातो; फॉस्फेट व प्रतिजैविकेही वाहून जातात. नळीचा जंतुसंसर्ग निराळाच. हे सर्व तासागणिक पाहते ती परिचारिका. मी कापडवाला, माग कितीही उत्तम असो, विणकराविना थान उतरत नाही. पडेगावच्या दात्यांनी यंत्राची किंमत विचारताना, फार तर तीन दिवसांनी बदलाव्या लागणाऱ्या फिल्टरचा आणि रात्रपाळीचा खर्चही विचारावा.