घरचे आणि पाहुणे



अकोल्यांत किंवा अमरावतींत हिवाळ्याच्या दिवसांत भल्या सकाळीं कोणी मैदानाकडे फेरफटका मारला, तर थंडीनें कुडकुडत पायांस पॅड बांधणारीं पंधरा-सोळा वर्षांचीं मुलें त्याला हटकून दिसतात. कडेला एखादा बाप अंगाभोंवतीं शाल गुंडाळून उभा असतो. मुलगा चांगला खेळतो हें त्याला ठाऊक असतें. नागपुरास त्याची निवड होईल कीं नाहीं, हें मात्र ठाऊक नसतें. संघांत जागा अकराच, आणि त्यांतल्या दोन-तीन परप्रांतांतून बोलावलेल्या खेळाडूंस दिलेल्या. मग त्या बापाच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो, आणि तो अगदींच गैरवाजवी नाहीं: घरचीं मुलें ताटकळत असतांना पाहुण्यांस पहिलें पान कां वाढावें?

विदर्भाच्या क्रिकेट-संघाच्या अलीकडील इतिहासांत ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याजोगें आहे. तें सरळ मात्र नाहीं.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. गुणी खेळाडू दूरदेशाहून आणून आपल्या संघांत बसवण्याची रीत नवी नव्हे. कर्नल सी. के. नायडू हे नागपुरांत जन्मलेले. १९३२ सालीं लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला, त्यांत भारताचे कर्णधार तेच होते. परंतु त्यांना १९२३ सालीं होळकर महाराजांनीं इंदुरास बोलावून घेतलें, आणि पुढें होळकर-संघानें १९४५-४६ पासून आठ वर्षांत चार वेळां रणजी करंडक जिंकला. आपल्या मातींतलें रत्न दुसऱ्याच्या मुकुटांत झळकलें! पिकतें तेथें विकत नाहीं, ही म्हण नागपूरकरांना तेव्हां आठवली असल्यास नवल नाहीं. बडोद्यानेंही हेंच केलें. विजय हजारे हे सांगलीचे. ते बडोदेकर झाले. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यांत होळकर-संघाविरुद्ध त्यांनीं व गुल महंमद यांनीं ५७७ धांवांची भागीदारी केली, तेव्हां मैदानावरचे ते दोघेही वीर बडोद्याला बाहेरून लाभलेले होते. गुल महंमद तर लाहोरचे.

समुद्रापलीकडे पाहिलें तरी तोच प्रकार. इटलींत उत्तरेकडील धनाढ्य शहरांपुढें नेहमीं मान खालीं घालणाऱ्या नेपल्स शहराच्या फुटबॉल-संघानें १९८४ सालीं अर्जेंटिनाच्या मॅराडोनाला भल्या मोठ्या किंमतीस आणलें, आणि १९८६-८७ सालीं त्या शहराला इटलीचें पहिलें विजेतेपद मिळालें. नेपल्सच्या मनांत मिलान-ट्यूरिनविषयीं जें कांहीं होतें, तेंच वऱ्हाड-नागपूरच्या मनांत मुंबईविषयीं पिढ्यान् पिढ्या होतें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

विदर्भाचा संघ रणजी-स्पर्धेंत १९५७-५८ सालीं उतरला. त्यानंतर साठ वर्षें अंतिम सामन्याचें दर्शनही त्याला घडलें नाहीं. मग मुंबईचे चंद्रकांत पंडित शिक्षक म्हणून आले. कर्नाटकाचा गणेश सतीश आला. आणि मुंबईच्या धांवांचा डोंगर रचून झालेले वसिम जाफर आले. जाफरांची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. एका हंगामांत दुखापतीमुळें त्यांना खेळतां आलें नाहीं. तरीही ठरलेला मोबदला त्यांना विदर्भानें दिला. ती जाणीव ठेवून पुढच्या, म्हणजे २०१७-१८ च्या हंगामांत ते मोबदल्यावांचून खेळले, असें त्यांनींच पुढें सांगितलें. पाहुणा घरचा केव्हां होतो, हें अशा वेळीं कळतें.

त्याच हंगामांत कोलकत्यास कर्नाटकावर अवघ्या पांच धांवांनीं मात करून विदर्भ प्रथमच अंतिम सामन्यांत पोंचला. सामना झाला इंदुरास, नायडूंच्या त्या इंदुरास, आणि मैदानाचें नांवही होळकरांचेंच. प्रतिस्पर्धी दिल्ली. दिल्लीच्या ध्रुव शौरीनें १४५ धांवा काढून विदर्भाला सतावलें. अखेर रजनीश गुरबानीनें लागोपाठ तीन चेंडूंवर तीन त्रिफळे उडवले, त्यांतला तिसरा शौरीचा. यष्टिरक्षक अक्षय वाडकरनें १३३ धांवा केल्या. अकोल्याच्या आदित्य ठाकरे ह्या तरुण गोलंदाजानें रणजी-स्पर्धेंतला आपला पहिलाच सामना खेळला तो हा अंतिम सामना. १ जानेवारी २०१८ रोजीं करंडक विदर्भाचा झाला. दुसऱ्या वर्षीं नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्रास ७८ धांवांनीं हरवून विदर्भानें तो राखला. त्या हंगामांत चाळिशी गांठलेल्या जाफरांनीं १०३७ धांवा केल्या, आणि अंतिम सामन्यांत घरच्या आदित्य सरवटेनें आपल्या डावखुऱ्या फिरकीनें अकरा बळी घेतले. पाहुण्यानें पाया घातला, घरच्यानें कळस चढवला. इतकें सुरेख जुळून येणें वारंवार घडत नाहीं, आणि तें पुढें कांहीं वर्षें घडलेंही नाहीं.

२०२३ सालीं विदर्भानें पुन्हां बाहेर नजर टाकली. ज्याचा त्रिफळा उडवून करंडकाची वाट मोकळी केली होती, तो ध्रुव शौरीच दिल्लीहून आला. आणि कर्नाटकाहून करुण नायर आला. २०१६ सालीं चेन्नईस इंग्लंडविरुद्ध कसोटींत नाबाद ३०३ धांवा काढणारा हा फलंदाज. पण पुढें भारताच्या संघांतून गेला, कर्नाटकाच्याही संघांतून गेला, आणि क्रिकेटनें आपणांस आणखी एक संधि द्यावी अशी विनवणी त्यानें डिसेंबर २०२२ मध्यें जाहीरपणें केली. ती संधि त्याला बंगळूरनें नव्हे, नागपूरनें दिली.

ह्या दोघांच्या आगमनानंतर विदर्भाचा घांस दोन वेळां हातातोंडाशीं येऊन निसटला. पहिली वेळ मार्च २०२४ ची. उपांत्य सामन्यांत मध्य प्रदेशावर, म्हणजे जुने गुरु पंडित यांच्याच शिष्यांवर, विदर्भानें ६२ धांवांनीं विजय मिळवला आणि अंतिम सामन्यासाठीं संघ मुंबईस गेला. मैदान वानखेडे, हें नांव ज्यांचें, ते बॅरिस्टर शेषराव वानखेडे नागपूरचेच! पण नांवाच्या आधारानें धांवा मिळत नाहींत. पहिल्या डावांत विदर्भाचा संघ १०५ धांवांत आटोपला. दुसऱ्या डावांत मुंबईनें ४१८ केल्या, आणि जिंकण्यास ५३८ धांवा हव्यात असें गणित उरलें. खेळ संपल्यांत जमा होता. तरीही करुण नायरनें ७४ धांवा करून किल्ला लढवला. पांचव्या दिवशीं सकाळचें संपूर्ण सत्र अक्षय वाडकर व हर्ष दुबे या जोडीनें एकही गडी न गमावतां काढलें, आणि उपाहाराच्या वेळीं पांच बाद ३३३ असा फलक झळकूं लागला. मुंबईकर अस्वस्थ झाले. वाडकरनें शतक पुरें केलें, ३५३ धांवा झाल्या, आणि तेथेंच तो १०२ वर बाद झाला. उरलेले चार गडी पंधरा धांवांत गेले. मुंबई १६९ धांवांनीं जिंकली. आंकडा मोठा दिसतो खरा. पण त्या सकाळचे दोन तास ज्यांनीं पाहिले, त्यांना हा पराभव आंकड्याएवढा मोठा वाटला नाहीं.

दुसरी वेळ अधिक जिव्हारीं लागणारी. १८ जानेवारी २०२५, स्थळ बडोदें, स्पर्धा विजय हजारे करंडकाची. एका पाहुण्याच्या नांवाची स्पर्धा, त्याच्याच दत्तक गांवीं; आणि विदर्भाचा कर्णधार पाहुणा करुण नायर, समोर त्याचें माहेर कर्नाटक! तोंवर करुणनें त्या स्पर्धेंत जें केलें होतें, तें अद्भुत होतें. बाद होण्यापूर्वीं सलग ५४२ धांवा, हा जगांतील विक्रम. सात डावांत पांच शतकें. ७५२ धांवा, आणि बाद फक्त एकदां. उपांत्य सामन्यांत महाराष्ट्राविरुद्ध शौरी व यश राठोड यांचीं शतकें झालीं, आणि अमरावतीच्या जितेश शर्मानें घणाघाती ५१ धांवा केल्या. पण अंतिम सामन्यांत कर्नाटकानें ३४८ धांवा उभारल्या. करुण २७ वर असतांना प्रसिद्ध कृष्णानें त्याचा त्रिफळा उडवला, आणि विदर्भाच्या आशेची दोरीच तुटली. शौरीनें ११० केल्या, हर्ष दुबेनें तीस चेंडूंत ६३ कुटल्या, तरी ३६ धांवा कमी पडल्या.

एका खांबावर तंबू उभा करूं नये, असें त्या दिवशीं अनेकांनीं म्हटलें असेल. परंतु पुढच्या सहा आठवड्यांत जें घडलें, तें ह्या टीकेला उत्तर देणारें होतें. वरूड-मोर्शीकडील शेतकरी जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो. डोळा बाहेरून आणलेला असला तरी त्याला पोसतो तो मातींतला खुंट, आणि खुंट कच्चा असला तर उत्तम डोळाही वाळून जातो. विदर्भाचा खुंट एव्हांना पक्का झाला होता. उपांत्य सामन्यांत त्याच मुंबईला विदर्भानें ८० धांवांनीं हरवलें. अंतिम सामना जामठ्यास केरळाशीं झाला. तीन गडी झटपट गेल्यावर करुणनें एकवीस वर्षांच्या दानिश मालेवारला हाताशीं धरून २१५ धांवांची भागीदारी केली. करुण ८६ वर धांवबाद झाला. दानिश १५३ पर्यंत गेला. ज्येष्ठ बाद होऊन कनिष्ठ उभा राहतो, तेव्हां पाहुण्यास दिलेल्या पानाचें चीज होतें. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावांत ३७९ विरुद्ध ३४२ अशी आघाडी असल्यानें नियमाप्रमाणें करंडक विदर्भाचा ठरला. हर्ष दुबेनें त्या हंगामांत ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम मोडला, आणि यश राठोडच्या ९६० धांवा करुणच्या ८६३ हूनही अधिक भरल्या.

ह्या आनंदांत एक कांटा होता. केरळाकडून ७९ धांवा काढून विदर्भाची आघाडी ज्यानें धोक्यांत आणली, तो आदित्य सरवटे होता. २०१९ च्या विजयाचा तोच शिल्पकार, आतां केरळाचा पाहुणा. त्याला शेवटीं बाद केलें तें त्याच्या जागीं आलेल्या हर्ष दुबेनें, तोही डावखुरा फिरकी गोलंदाज. गुरबानी त्यापूर्वींच महाराष्ट्राकडे गेला होता. वाट दुहेरी आहे. जो पाहुणे बोलावतो, त्याच्या घरचींही माणसें कोठें तरी पाहुणीं होतात. आणि त्या अंतिम सामन्यांत अकोल्याचा सलामीचा फलंदाज अथर्व तायडे बाहेर बसला होता. उपांत्य सामन्यांत त्याच्या धांवा झाल्या नव्हत्या, म्हणून निवड समितीचा दोष काढतां येत नाहीं. तरी अकोल्यास वाईट वाटलें असेल.

पुढें करुण नायरला इंग्लंडच्या दौऱ्यावर भारताच्या संघांत पुन्हां जागा मिळाली, आणि विदर्भाचा निरोप घेऊन तो कर्नाटकास परतला. तो गेल्यावर संघ खचेल, अशी भीति होती. जानेवारी २०२६ मध्यें हजारे-करंडकाच्या उपांत्य सामन्यांत विदर्भाची गांठ त्याच्याच कर्नाटकाशीं पडली, आणि विदर्भ जिंकला. १८ जानेवारीस, बडोद्याच्या पराभवास बरोबर एक वर्ष होत असतांना, बंगळूरला सौराष्ट्राविरुद्ध अंतिम सामना झाला. अथर्व तायडे सलामीस आला आणि १२८ धांवा करून गेला. विदर्भानें ३८ धांवांनीं विजय मिळवून तो करंडक प्रथमच जिंकला. अमरावतीचा जितेश शर्मा मात्र त्या संघांत नव्हता. त्या हंगामांत तो बडोद्याचा पाहुणा होता.