मोटरीला सबुरी

आंबा म्हटला की मराठी माणसाचे मन रत्नागिरी-देवगडपलीकडे सहसा जात नाही. परंतु लखनौनजीकच्या मलिहाबादेत, ऐन ज्येष्ठात, दसेहरीच्या फळांनी लवलेल्या बागा ज्याने पाहिल्या, त्याचा हा अभिमान किंचित तरी सैल होतो. फळ लांबट, गर गोड, आणि स्वभाव हळवा. आज बसलेला मार आज दिसत नाही. चार दिवसांनी आढीत काळा डाग उमटतो आणि बागवानाचा भाव उतरतो.

समजा, अशा बागेतील मांडवात फळे निवडण्यासाठी एक लहानसा पट्टा बसविला व तो बारा व्होल्टच्या मोटरीवर चालविला. बटण दाबताच पट्टा झटक्यासरशी पुढे सरकतो. फळे मात्र जडत्वामुळे जागीच राहू पाहतात आणि घरंगळून शेजाऱ्यावर आदळतात. फिरणारी मोटर आपल्याच फिरण्याने उलट दाब निर्माण करून प्रवाहाला आवर घालते. स्थिर मोटरीत तो आवर नसतो. वेटोळ्याचा रोध 2 ओहम असेल, तर एरवी अर्ध्या अँपिअरवर भागणाऱ्या मोटरीत पहिल्या क्षणी 6 अँपिअर प्रवाह धावतो. धक्का बसतो तो यामुळे.

मोटरीच्या वाटेत तितक्याच रोधाचा रोधक घालावा आणि तिच्या दोन टोकांना कंडेन्सर जोडावा, हा विचार प्रथम सुचतो. रोधकातून कंडेन्सर हळूहळू भरेल, तसतसा मोटरीवरील दाब चढेल. कल्पना बरोबर, जागा चुकली! एका सेकंदाच्या विलंबासाठी येथे सुमारे 1 फॅरड, म्हणजे हजार मायक्रोफॅरडचे हजार कंडेन्सर लागतील.

त्यापेक्षा मोटरीच्या दारावरील पहारेकऱ्यालाच सबुरी शिकवावी. हा पहारेकरी म्हणजे ट्रान्झिस्टर. सिडनी डार्लिंग्टन यांनी 1953 साली दोन ट्रान्झिस्टर एकापाठी एक जोडण्याची युक्ती काढली. अशा जोडीच्या बेसला अर्धा मिलिअँपिअर दिला, तरी ती अर्धा अँपिअर सांभाळते. म्हणून बेसच्या वाटेत 1000 ओहमचा रोधक आणि बेसपासून ऋण तारेपर्यंत 1000 मायक्रोफॅरडचा एकच कंडेन्सर पुरतो. दोहोंचा गुणाकार 1 सेकंद. तेवढ्या अवधीत बेसवरील दाब अंतिम दाबाच्या 63 टक्के, तर तीन सेकंदांत 95 टक्के होतो. आणि एमिटरला जोडलेली मोटर त्याच्यामागून चालते.

अर्थात, ही सोय फुकट मिळत नाही. सुमारे दोन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, ट्रान्झिस्टर तापतो व त्याला ॲल्युमिनिअमची पट्टी जोडावी लागते. घर्षणावर मात होईपर्यंत मोटर हलतच नाही, त्यामुळे प्रारंभीचा बारीकसा हिसका उरतोच.

बेसकडील बटण बंद केल्यास भरलेला कंडेन्सर रिता होईपर्यंत पट्टा रेंगाळत थांबतो. फळांना ते मानवते. पण पट्ट्यात एखाद्या मजुराची बोटे अडकली असतील तर? म्हणून संकटकाळचे बटण मोटरीच्या मुख्य तारेवरच बसवावे, आणि तार तुटताना उसळणाऱ्या दाबासाठी मोटरीच्या टोकांवर एक उलटा डायोड जोडावा.