रुमाल कुणी उचलला?

कोडोलीच्या आम्ही सगळ्याजणी आज एका नाटकाबद्दल बोलणार आहोत. भांगलणी उरकल्यावर दुपारची थोडी उसंत मिळते, त्या वेळात यंदा आम्ही शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ वाचायला घेतलं. आमच्यातलीच एक म्हणाली, “साहेबाचं नाटक आपल्याला कशाला?”

पण हे नाटक आपल्याकडं जुनंच आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं मराठी भाषांतर १८६७ सालचं. मग १८९० मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचा ‘झुंझारराव’ केला. देवल म्हणजे सांगलीजवळच्या हरिपूरचे, आपल्याच भागातले. ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डेमोनाची कमळजा झाली, आणि साहेबाचं नाटक मराठी घरातलं होऊन गेलं.

गोष्ट सोपी आहे. एक शूर सरदार, त्याच्यावर जीव टाकणारी बायको. हाताखालच्या माणसाला हवी ती जागा मिळत नाही, म्हणून तो डूख धरतो आणि धन्याच्या कानात विष ओततो. पुरावा काय, तर एक रुमाल. नवऱ्यानं प्रेमानं दिलेला, तो परक्या माणसाकडं सापडतो. बायकोला धड विचारतही नाही, जीव घेतो तिचा. आता रुमालाच्या जागी मोबाईल ठेवा. कोणत्या गावात घडत नाही हे?

आमच्यातल्या एकीच्या लेकीनं जपानची माहिती काढून आणली. तिथं कावाकामी ओतोजिरो यांनी १९०३ मध्ये हेच नाटक जपानी करून रंगमंचावर आणलं आणि डेस्डेमोनाचं काम त्यांच्या पत्नी सादायाक्को यांनी केलं. तिथल्या काबुकीत बायकांची कामं पुरुषच करायचे, आपल्याकडं देवलांच्या काळात होतं तसंच. मरणाऱ्या बाईचं गाऱ्हाणंसुद्धा पुरुषाच्याच तोंडून!

त्याहून आमच्या मनात बसलं ते दुसरंच. युकिओ निनागावा या दिग्दर्शकानं १९८० मध्ये ‘मॅकबेथ’ केलं. रंगमंचभर एक भलामोठा देव्हारा, जपानी घरात पूर्वजांसाठी असतो तसा. आत राज्यासाठी खून पडतात, वर चेरीची फुलं गळतात. त्या देव्हाऱ्याची दारं दोन म्हाताऱ्या उघडतात आणि कडेला बसून राहतात. खातात, शिवतात, डोळे पुसतात. मध्ये पडत नाहीत.

हे ऐकून आम्ही गप्प झालो. कारण ‘ऑथेल्लो’तही अशी एक आहे, त्या कपटी माणसाची बायको एमिलिया. पडलेला रुमाल तीच उचलते आणि नवऱ्याला देते. मालकीण रुमाल शोधते तेव्हा “मला ठाऊक नाही” म्हणते. शेवटी सगळं फोडून सांगते, नवऱ्याच्या हातून मरते, पण तोवर कमळजा गेलेली असते.

आमच्या गल्लीतल्या एका सुनेचा फोन सासरच्यांनी काढून घेतला होता. ती रात्री कुणाशी बोलते म्हणून घरात रोज वाद. ती भावाशी बोलायची, त्याचं दुखणं काढत होती ती फोनवरून. हे आमच्यातल्या तिघींना पक्कं ठाऊक होतं. पाण्याला जाता-येता आम्ही त्या घरावरून रोज गेलो. कुणाच्या घरात आपण कशाला बोला, म्हणत गेलो. ती माहेरी गेली, त्याला आता वर्ष होईल.

एमिलियाचं काम कुणी घ्यायचं यावर दोन दिवस गेले. कमळजा व्हायला चौघी तयार होत्या, झुंझाररावालाही दोघी मिळाल्या. शेवटी “साहेबाचं नाटक कशाला” म्हणणारीच पुढं आली. ती त्या तिघींतली एक.

येत्या मंगळवारी दुपारी शाळेच्या ओट्यावर शेवटचा प्रवेश वाचणार आहोत. त्या सुनेच्या सासूबाईंना बोलावणं द्यायला आम्ही तिघी गेलो होतो. फोनवर कोण असायचं, तेही उंबऱ्यातच सांगितलं. त्यांनी चहा केला. येते म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. पुढच्या ओळीत त्यांची एक जागा ठेवली आहे.