लेणी, दंतकथा आणि आपली शाळा
(तालुका शिक्षक शिबिरातील भाषण)



सह्याद्रीच्या कुशीत जेथे लेणे आहे, तेथे दोन गोष्टी बहुधा कानी पडतात. पहिली, पांडवांनी वनवासात ते एका रात्रीत कोरले व कोंबडा आरवताच अर्धे काम टाकून ते निघून गेले. दुसरी, तेथील पाण्याच्या टाक्यात साती आसरांचा वास असून त्या एकट्यादुकट्या मुलास ओढून नेतात. या गोष्टी वर्गात निघाल्या असता शिक्षकाने काय करावे?

प्रथम, हसू नये. गोष्ट मुलाला आजीने सांगितलेली असते. तिची थट्टा ही आजीची थट्टा होते, व मूल शाळेत बोलेनासे होते. गोष्ट आजीच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावी आणि समोरच्या पानावर दगड काय सांगतो ते लिहवावे.

नाशिकची पांडवलेणी घ्या. ही २४ बौद्ध लेणी आहेत. दहाव्या लेण्यातील ब्राह्मी लेखानुसार नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने कायम ठेविले. त्यातून २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावयाचे होते. सातवीच्या मुलांना हे गणित घाला. वर्षाचे व्याज २४०, वाटा बरोबर १२! सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हिशेब मुलांच्या वहीत जुळतो. एका रात्रीच्या चमत्काराहून हे नवल उणे नाही.

आसरांची गोष्ट मात्र जपून हाताळावी. ही टाकी, लेखांतील ‘पोढी’, पावसाचे पाणी साठविण्यासाठी खडकात खोल खोदलेली असतात. काठ निसरडा, तळ अदृश्य. त्या भीतीने आजवर मुलांना काठापासून दूर राखले आहे. ‘आसरा नाहीत’ एवढेच सांगून आपण थांबलो, तर मूल निर्धास्तपणे काठावर जाईल. म्हणून मोठ्यांच्या देखरेखीखाली, दोरीला दगड बांधून टाक्याची खोली मोजून दाखवावी. भीती काढावी, पण तिच्या जागी समज ठेवून मगच.

आणि तापाने फणफणलेले मूल ‘आसरा लागल्या’ म्हणून घरी निजवून ठेविलेले आढळले, तर श्रद्धेचा वाद घालीत बसू नये. ओटी भरावयाची तर भरोत. मूल मात्र त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचले पाहिजे. गावात आपला शब्द मानला जातो. तो अशा वेळी खर्ची घालावा.