घरी बसवणे आणि घरी शिकवणे
(विहाराच्या वर्धापनदिनी पालकांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हा पालकांना विषय दिला होता, 'शिक्षणाचे महत्त्व'. आता या वस्तीत ते कोणाला सांगायचे? बाबासाहेबांना शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. म्हणून आम्ही विषय थोडा वळवून घेतला. ज्या मुलांना शाळा झेपत नाही, किंवा खरे म्हणजे शाळेला जी मुले झेपत नाहीत, त्यांच्याबद्दल बोलतो.

अशी मुले आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. कोणी चौथीत गेले तरी जोडाक्षर वाचत नाही. कोणी नजरेला नजर देत नाही, तासन् तास फिरता पंखा बघत बसते. मग शाळेतून निरोप येतो, 'याला घरीच ठेवा.' आणि आपण ठेवतो. आमचे भांडण आहे ते इथे. घरी बसवणे वेगळे आणि घरी शिकवणे वेगळे. घरी बसवलेल्या मुलाचा दिवस टीव्हीपुढे जातो, पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत पाठवतात. घरी शिकवलेल्या मुलाला ठरलेली वेळ असते, वही असते, आणि त्याचे नाव शाळेच्या पटावर असते.

पटावरचे नाव मात्र सोडू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेला मूल काढून टाकता येत नाही. 2012 च्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचाही हक्क दिला. तो हक्क पालकांनी निवडायचा आहे, मुख्याध्यापकांनी लादायचा नाही. अशा मुलांसाठी समग्र शिक्षा योजनेत विशेष शिक्षक घरी येण्याची तरतूद आहे. गटसाधन केंद्रात चौकशी करा, तोंडी नको, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. 2016 च्या कायद्यात ते 21 झाले, त्यात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आली. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

काही घरांत अजून कुजबुज चालते, की हे मागच्या जन्मीचे पाप. धम्मदीक्षा घेतलेल्या घरात ही भाषा? त्यावर जास्त बोलत नाही. आपल्याच परंपरेतला चूळपंथक आठवा. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून सख्ख्या भावाने त्याला संघातून जायला सांगितले. तथागतांनी गाथा बाजूला ठेवली आणि त्याच्या हातात पांढऱ्या कापडाचा तुकडा दिला, हा चोळत बस म्हणाले. कापड मळत गेले आणि त्याला अनित्यता उमगली. शिष्य तोच होता, शिकवायची रीत बदलली.

आता रीत कशी बदलायची ते सांगतो. आधी डोळे आणि कान तपासा. बरेचदा 'ढ' ठरवलेल्या पोराला फळाच दिसत नसतो. ते ठीक असेल तर मराठी लिपी कुठे अडवते ते बघा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. घ-ध, ब-व, भ-म यांत फरक केवढा, तर एका रेघेचा. परातीत रवा पसरा, बोटाने अक्षर गिरवू द्या, गिरवताना मोठ्याने म्हणू द्या. एका दिवशी एकच अक्षर. आकड्यांचे तर विचारू नका. 'त्रेपन्न' ऐकताना तीन आधी येतो, लिहिताना पाच आधी. 'एकोणसाठ'मध्ये ऐकू येतो साठ, लिहायचे 59. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असेही वाचन दिले, त्यावर केवढा गदारोळ झाला! आम्हाला विचाराल तर अडलेल्या मुलाला 'पन्नास तीन' खुशाल म्हणू द्या. दहा-दहा चिंचोक्यांच्या पुड्या बांधा, बाजारात सुटे पैसे त्यालाच मोजू द्या.

सकाळी वीस मिनिटे, संध्याकाळी वीस मिनिटे, बस. दोघेही कामाला जाणाऱ्या घरात यापेक्षा जास्त होत नाही, आणि एवढे नियमाने झाले तरी पुष्कळ. पण हे सगळे चार घरची धुणीभांडी करून आलेल्या आईच्याच डोक्यावर टाकू नका. बापाने एक वेळ घ्यावी.

अध्ययन अक्षमतेची तपासणी साधारण आठव्या वर्षानंतर होते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी वेगळा विभाग आहे. फेऱ्या पडतात, रोजंदारी बुडते, हे खरे आहे. पण त्या दाखल्यावर बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक मिळतो. ते जमत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. दहावीसाठी वय चौदा पूर्ण हवे, मराठी माध्यम आहे, पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येते, थोडे थोडे विषय सोडवता येतात. गणित घेतलेच पाहिजे असे नाही. मात्र पुढे मुलाला काय करायचे आहे ते बघून मगच गणित सोडा.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चौदा एप्रिलला डीजेच्या भिंतीसमोर स्वमग्न मूल कानावर हात दाबून किंचाळते. ते हट्टी नाही, त्याला तो आवाज सहन होत नाही. जयंती त्याचीही आहे. विहारासमोरचा निदान एक तास तरी डीजे बंद ठेवून नुसत्या लेझीमवर मिरवणूक न्यावी, एवढी मागणी आम्ही समितीकडे लेखी दिली आहे.

दुसरी मागणी तरुणांकडे. लेखनिक ऐन वेळी मिळत नाही. आठवी-नववीतल्या मुलामुलींनी आपली नावे आजच विहारातल्या वहीत लिहावीत. रविवारच्या वंदनेनंतर आम्ही चार-पाच पालक मागच्या खोलीत बसतो. शाळेची चिठ्ठी, दवाखान्याचे कागद, जे असेल ते घेऊन या, आणि मुलालाही घरी न ठेवता सोबत आणा.