हमीचा लोहमार्ग



लोणावळ्यास भरलेल्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल रीतसर आभार मानून मी लागलीच विषयाला हात घालतो; कारण अध्यक्षाने आपल्या अपात्रतेचे रसभरित वर्णन करण्यात पाव तास घालवावा आणि मग वेळेअभावी मूळ मुद्दा आटोपता घ्यावा, ही आपल्या संमेलनांतील रूढी मला कधीच मानवलेली नाही.

परक्या मुलुखात लोहमार्ग बांधण्यावरून बड्या राष्ट्रांत जी चढाओढ चालते, तिचा अभ्यास आपल्याकडे बहुधा बर्लिन-बगदाद प्रकरणापासून सुरू होतो व तेथेच संपतो. मी आरंभ बोरघाटापासून करू इच्छितो. अशा व्यवहारात मार्ग कोणी बांधला यापेक्षा त्याच्या तोट्याला जामीन कोण राहिला हे पाहावे, म्हणजे सत्ता कोणाची होती हे उमगते, असे माझे मत आहे.

बड्या राष्ट्रांचे हेवेदावे या घाटाला नवे नव्हते. १७७७ साली सेंट लुबिन हा फ्रेंच वकील पुणे दरबारी दाखल झाला, नाना फडणिसांनी त्याची बडदास्त ठेवली, आणि फ्रेंचांना कोकणात एखादे बंदर मिळते की काय या धास्तीने मुंबईकर इंग्रज अस्वस्थ झाले. पुण्याच्या गादीवर आपल्या कह्यातला माणूस असावा म्हणून रघुनाथरावांना पुढे घालून त्यांची फौज पुढल्या वर्षाच्या अखेरीस तोफा ओढीत हा घाट चढली, कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपल्या लोकांचा इष्टुर फाकडा, पडला, तळेगावाहून फौज माघारी फिरली, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावास तह झाला. तो तह इंग्रजांनी पुढे धुडकावला ही गोष्ट वेगळी. पण त्या कागदाला पुणे दरबार हा एक पक्षकार होता.

सत्तर वर्षांनी, १७ ऑगस्ट १८४९ रोजी, ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी यांच्यात करारनामा झाला, तेव्हा दोन्ही पक्षकार इंग्रजच होते. जमीन नव्याण्णव वर्षांसाठी फुकट आणि भांडवलावर दरसाल दरशेकडा पाच व्याजाची हमी. आणि ही हमी हिंदुस्थानच्या वसुलावर, म्हणजे अखेरीस सारा भरणाऱ्या रयतेवर. लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणी संस्थानांतील कापसावर जगत होत्या, एका परक्या राष्ट्राच्या मुठीत आपला मुख्य धंदा असणे मँचेस्टरच्या मालकांना खुपत होते, आणि त्या मुठीतून सुटण्याची एक वाट दख्खनच्या काळ्या मातीतून मुंबई बंदराकडे जात होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि कापूस अडवून धरला की इंग्लंड आपल्याला मान्यता देईल, असा हिशोब दक्षिणेच्या मुत्सद्द्यांनी मांडला. तो हिशोब चुकण्याची कारणे अनेक आहेत. परंतु २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी घाटमार्ग खुला केला, तेव्हा ती यादवी ऐन भरात होती, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

या घाटाच्या बांधणीकडे जरा जवळून पाहू. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने आखलेली ही चढण सुमारे पावणेसोळा मैलांची, उंची १८३१ फूट, बोगदे पंचवीस, आणि काही ठिकाणी चढ सदतिसास एक इतका तीव्र. कर्जतला गाडीच्या मागे इंजिने जोडली जात असताना आपण निवांतपणे बटाटावडा घेतो, ती सवड आपल्याला या चढानेच दिली आहे. १८५६ च्या जानेवारीत काम सुरू झाले. काळा कातळ, पहारी, सुरुंगाची दारू, आणि पावसाळा लागला की बहुतेक काम ठप्प. पहिला मक्तेदार फॅव्हिएल. त्याच्या पोटमक्तेदारांनी थकवलेल्या मजुरीवरून जानेवारी १८५९ मध्ये कर्जतेस मजुरांनी उठाव केला, व सरकारला चौकशी करावी लागली. दुसरा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर थोड्याच अवधीत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने मक्ता पुढे चालवून दोघा अभियंत्यांकरवी काम तडीस नेले. १८६१ च्या सुमारास घाटावर बेचाळीस हजारांपर्यंत माणसे राबत होती. बर्कली, ट्रेडवेल यांची नावे ग्रंथोग्रंथी आढळतात. कातळाला पहार लावणाऱ्यांची नावे कोणत्याही दप्तरात शोधून पाहावीत. १८६७ च्या जुलैत घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. पूल पडला तरी व्याज उभेच होते, कारण हमीला पावसाची बाधा होत नाही.

हे वर्म आपल्या लोकांनी ओळखले नव्हते असे नाही. गणेश व्यंकटेश जोशी यांनी १८८४ साली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लोहमार्गवाढीच्या आर्थिक परिणामांची चिकित्सा केली, आणि १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी लोहमार्गावरील खर्चाविरुद्ध साक्ष दिली. तहनाम्यात ज्यांना जागा नव्हती, त्यांनी जमाखर्चात ती मिळवली, असे मी म्हणेन.

गोमंतकात हाच खेळ दोन राजमुकुटांनी मिळून मांडला. २६ डिसेंबर १८७८ च्या तहाने पोर्तुगालने मुरगाव बंदरापासून ब्रिटिश हद्दीपर्यंत लोहमार्गाला वाट दिली आणि मिठाचा मक्ता व जकातीचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. इंग्रजांनी दरसाल चार लक्ष रुपये देण्याचे कबूल केले. भांडवल लंडनचे, कंपनी लंडनची, हमी मात्र लिस्बनची. रूळ कॅसलरॉकपर्यंत पोहोचले. परंतु आगरावरच्या मिठागऱ्याला आपलेच मीठ परक्या अंमलदाराच्या परवानगीवाचून हलवता येईना. तो तह १८९२ साली संपुष्टात आला. रूळ राहिले आणि हमीही राहिली.

आता बगदाद. १९०३ च्या सनदेने जर्मन भांडवलाच्या कंपनीला तुर्की सरकारने किलोमीटरमागे उत्पन्नाची हमी दिली, आणि तिला तारण म्हणून प्रांतांचा दशांश कर लावून दिला. आनातोलियाच्या कुणब्याची स्थिती मावळच्या कुणब्याहून निराळी नव्हती. जून १९१४ मध्ये इंग्लंड व जर्मनी यांच्यात या मार्गाविषयी समेटही ठरला, पण दोनच महिन्यांत युद्ध पेटले. पुण्याचे नाव धारण करणारी सहावी डिव्हिजन इराकात उतरली. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथे ती शरण गेली, आणि कैद झालेल्या हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन येथे त्याच जर्मन लोहमार्गाच्या कामाला जुंपण्यात आले. शिशिर सर्वाधिकारी या बंगाली शुश्रूषकाने तेथील हकिकत लिहून ठेवली आहे.

अशा हकिकती आपल्याही गावांतून हाती याव्यात, म्हणून या परिषदेला माझी एक व्यवहार्य सूचना आहे. महाराष्ट्रात अनेक गावी, महायुद्धास गेलेल्या व न परतलेल्या माणसांची संख्या कोरलेल्या संगमरवरी पाट्या शाळेच्या वा चावडीच्या भिंतीत आहेत. कार्यकारिणीने मावळ व मुळशीतील अशा पाट्यांची मोजदाद करावी, त्या त्या घराण्यांतील पेन्शनचे कागद व पत्रे यांच्या नकला करून घ्याव्यात, आणि त्यासाठी लागणाऱ्या खर्चाचा ठराव आज दुपारच्या बैठकीतच मांडावा. सूचक म्हणून माझे नाव घालण्यास हरकत नाही.