अर्धवेळ विद्यार्थी व सरकारी फीसवलत
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त गंगापूर रोड येथें झालेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं मागील पिढ्यांचें स्मरण करावें हा प्रघात आहे, व तें माझ्याआधीं योग्य मुखांनीं झालें आहे. मला मात्र आपलें लक्ष आजच्या एका अडचणीकडे वळवावयाचें आहे, आणि ती याच रस्त्यावरची आहे.

अशोक स्तंभाकडून निघालेला आपला गंगापूर रोड धरणाकडे जातो. वाटेंत मराठा विद्या प्रसारक समाजाचें के. टी. एच. एम. महाविद्यालय लागतें, पुढें गोवर्धन गांवाजवळ 1989 सालीं स्थापन झालेलें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांनीं दूरशिक्षणाची मान्यताप्राप्त पदवी नेहमींच्या पदवीच्या तोडीची ठरविली आहे. पदव्या जर सारख्या, तर सरकारी तिजोरींतील साह्य एका विद्यार्थ्यास सुलभ आणि दुसऱ्यास दुर्लभ कां, एवढाच माझा प्रश्न.

हा दुसरा विद्यार्थी कोण? सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यांत पाळीनें काम करणारा एखादा तरुण डोळ्यांपुढें आणा. बाप अंथरुणास खिळला म्हणून बारावीनंतर यानें तीन वर्षें नुसती नोकरी केली. आतां रात्रीं डोळ्यांवर पाणी मारून तो पुस्तक उघडतो. किंवा जिचें शिक्षण लग्नामुळें थांबलें ती गृहिणी घ्या. मुक्त विद्यापीठाची फी मोठ्या खासगी महाविद्यालयांहून पुष्कळ कमी, हें खरें. पण घरभाडें आणि धाकट्या बहिणीची फी ज्या पगारांतून जाते, त्याच पगारांतून तीही जाते. परीक्षेकरितां काढलेली बिनपगारी रजा तर कोणीच हिशेबांत धरीत नाहीं.

राजर्षि छत्रपति शाहू महाराजांच्या नांवाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ति योजना आपल्या राज्यांत आहे. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असल्यास व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षणशुल्काचा अर्धा भार सरकार उचलतें. 2024-25 पासून मुलींना तें शुल्क पूर्ण माफ झालें, हें फारच चांगलें झालें. परंतु या योजनेची घडणच दिवसा वर्गांत बसणाऱ्या मुलासाठीं आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश केंद्रीय प्रक्रियेंतून हवा, अभ्यासक्रम चालू असतां 2 वर्षांचा खंड नसावा. आमचा तरुण तर पाळीनें कामावर! ज्या विपत्तीमुळें त्याला मदत हवी, तीच त्याला मदतीपासून दूर ठेवते.

वेगळा नियम करतां येत नाहीं असें नाहीं. अनुसूचित जातींसाठीं असलेल्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत पत्रद्वारा शिकणारांनाही स्थान दिलें आहे. अमेरिकेंत पेल अनुदान अर्धवेळ विद्यार्थ्यास, तो जेवढा अभ्यास पत्करील त्या प्रमाणांत, मिळतें. आपल्याकडेही आतां श्रेयांकांची पद्धति आली आहे. घेतलेल्या श्रेयांकांच्या हिशेबानें शुल्काची भरपाई करणें कारकुनालाही जड जाऊं नये.

आणि कष्टकऱ्याच्या वेळेप्रमाणें शाळेनें आपली वेळ ठरवावी, हा विचार या भूमींत परका नाहीं. जोतीराव फुल्यांनीं 1855 सालीं आपल्या घरीं रात्रीची शाळा काढली. 1946 सालीं मुंबईंत डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें सिद्धार्थ महाविद्यालय काढलें, तेव्हां नोकरदारांसाठीं वर्ग सकाळींच भरविले. कर्मवीर भाऊरावांनीं ‘कमवा व शिका’ म्हणून मुलांच्या हातीं कुदळ आणि पुस्तक दोन्ही दिलीं.

कोणी म्हणेल, कमावत्यास मदत कशाला? त्याची मिळकत कुटुंबाच्या उत्पन्नांत धराच. मर्यादेबाहेर गेला तर त्याचा हक्क नाहीं. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: नांव नोंदवून न शिकणारे पुष्कळ निघतील. हें भय खोटें नाहीं; अर्धवटच सोडणारे मीं स्वतः पाहिले आहेत, आणि त्यांत माझाही एक नातेवाईक होता. यासाठीं पहिल्या वर्षाची अर्धी फी आगाऊ द्यावी व उरलेली उत्तीर्ण झाल्यावर. सगळीच मागाहून देऊं म्हटलें, तर ज्याच्यापाशीं आरंभीं पैसे नाहींत तो अर्जच करणार नाहीं.

या आशयाच्या विनंतीअर्जाचा मसुदा सभागृहाच्या दाराशीं मेजावर ठेविला आहे. तो उच्च शिक्षण खात्याकडे धाडावयाचा आहे. सही करतांना आपण नोकरी करून शिकत असाल, किंवा पैशाअभावीं शिक्षण सोडलें असेल, तर तसें शेजारच्या रकान्यांत लिहावें. वर्ष आठवत असल्यास वर्षही लिहावें.